अडीच वर्षांच्या मुलीचं ग्लार्जिन रात्री द्यायचं की सकाळी?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला, आधी माझ्या शब्दांत मांडते म्हणजे मला नीट कळलाय का ते तुम्हालाही दिसेल. खारघरला राहता, मुलगी अडीच वर्षांची, वजन १२ किलो, टाइप वन डायबेटिस निघून सात महिने झालेत. रात्री साडेनऊला ग्लार्जिन, म्हणजे हळूहळू बराच वेळ चालणारं लाँग अ‍ॅक्टिंग इन्सुलिन, ३ युनिट आणि जेवणाआधी रॅपिड, म्हणजे झटपट काम करणारं इन्सुलिन, चालू आहे. पहाटे तीनच्या आसपास शुगर ६०-६५ वर येते, तुम्ही दचकून उठता, साखरपाणी देता, आणि संध्याकाळी सात वाजले की उलटं, काही केल्या २५० च्या खाली येत नाही. घरात एकाचं म्हणणं डोस वाढवा, दुसऱ्याचं म्हणणं कमी करा, सासूबाई म्हणतात झोपताना पोटात काही नसताना इन्सुलिन द्यायचंच कशाला. आणि तुम्ही विचारलंय की लाँग अ‍ॅक्टिंगची बरोबर वेळ कुठली, नऊ की दहा.

मी ठाण्यात डायबेटिस एज्युकेटर आहे, १७ वर्षं हेच काम करतेय आणि त्यातली बरीच वर्षं लहान मुलांसोबतच गेलीत. डोस मी ठरवत नाही, तो तुमच्या डॉक्टरांचा अधिकार आहे आणि खाली जे लिहितेय ते त्यांना दाखवूनच काही बदल करा. पण वेळ का आणि कशी ठरते हे आईबापाला समजलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं, कारण रात्री तीनला डॉक्टर नसतात, तुम्ही असता.

तर नऊ की दहा याने तुमच्या मुलीला काही फरक पडणार नाही. खरी अडचण अशी आहे की ग्लार्जिन २४ तास एकसारखं चालतं असं आपल्याला सांगितलेलं असतं आणि मोठ्या माणसात ते बऱ्यापैकी खरंही असतं, पण छोट्या मुलांना इतका छोटा डोस देतो तेव्हा ते बऱ्याचदा २४ तास पुरत नाही. कोणाला २० तास, कोणाला १८. शिवाय काही मुलांमध्ये दिल्यानंतर चार-सहा तासांनी त्याचा हलकासा उंचवटा येतो. आता तुमच्या घड्याळावर हे मांडून बघा. रात्री साडेनऊ अधिक पाच-सहा तास म्हणजे अडीच-साडेतीन, तिथे तुमची पहाटेची लो, म्हणजे शुगर खूप खाली जाणं. आणि साडेनऊ अधिक वीस तास म्हणजे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेपाच, तिथून इन्सुलिन सरत येतं आणि पुढचा डोस मिळेपर्यंत चार तास पोरीच्या अंगात बेसल, म्हणजे जेवणाव्यतिरिक्त सतत लागणारं इन्सुलिन, जवळपास नाहीच. म्हणून डोस वाढवला तर पहाट बिघडते, कमी केला तर संध्याकाळ बिघडते, आणि घरात भांडणं होतात. दोघांचंही म्हणणं अर्ध-अर्ध बरोबर आहे, फक्त प्रश्न डोसचा नसून डोस कुठे बसवलाय त्याचा आहे.

आणखी एक गोष्ट आहे जी मोठ्यांच्या डायबेटिसची माहिती वाचून कळत नाही. मोठ्यांना, वयात येणाऱ्या मुलांना पहाटे इन्सुलिन जास्त लागतं, शुगर पहाटे चढते. एक-दोन-तीन वर्षांच्या मुलांचं बहुतेक वेळा याच्या उलट असतं, त्यांची गरज रात्री नऊ ते बाराच्या दरम्यान जास्त असते आणि पहाटे तीन ते सहा सगळ्यात कमी. म्हणजे तुमच्या मुलीला जेव्हा सगळ्यात कमी इन्सुलिन हवंय नेमका तेव्हाच ग्लार्जिनचा जोर, आणि जेव्हा जास्त हवंय तेव्हा कालचं संपत आलेलं आणि आजचं नुकतंच दिलेलं.

हेच ग्लार्जिन सकाळी सातला दिलं तर काय होतं बघा. जोर येतो दुपारी बाराच्या सुमारास, तेव्हा ती जागी असते, जेवत असते, कोणीतरी तिच्याकडे बघत असतं. रात्री नऊ ते बारा हा काळ पडतो चौदाव्या ते सतराव्या तासात, म्हणजे इन्सुलिन अजून चालू आहे. आणि ते सरायला लागतं पहाटे तीननंतर, जेव्हा तिला तसंही फार नको असतं. म्हणून या वयाच्या मुलांत हे असं चित्र दिसलं की मी डॉक्टरांना पहिल्यांदा सकाळच्या वेळेबद्दल विचारते. संपत येणारं शेपूट टाळता येत नसेल तर ते जिथे कमी त्रास देईल तिथे ठेवायचं, एवढंच.

पण ताई, बदल करायच्या आधी ती पहाटेची लो खरी आहे का ते बघा. तुम्ही लिहिलंय दंडावर शुगर सतत मोजणारा सेन्सर आहे. पोरं त्या दंडावर कुशी करून झोपली की तिथला भाग दाबला जातो आणि सेन्सर खोटा आकडा दाखवतो, ५८, ५५, कधी कधी सरळ लो, आणि कुशी बदलली की वीस मिनिटांत ११०. मागच्या पावसाळ्यात घोडबंदर रोडला राहणारं एक जोडपं डोळ्यांखाली काळी वर्तुळं घेऊन आलं होतं, तीन आठवडे रोज रात्री साखर देत होते. मी म्हटलं आज अलार्म वाजला की आधी बोट टोचा. सहा रात्रींपैकी चार रात्री ग्लुकोमीटरवर ९५ ते १२० होती. साखर द्यायच्या आधी टोचायला अर्धा मिनिट लागतं. हां, मूल घामाघूम असेल, गार लागत असेल, नीट उठत नसेल तर मात्र स्ट्रिप शोधत बसू नका, आधी साखर. आणि मूल शुद्धीवरच नसेल, गिळता येत नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर झोपवायचं, डॉक्टरांनी ग्लुकॅगॉन (शुगर चढवणारं औषध) दिलं असेल तर ते द्यायचं आणि थेट हॉस्पिटल.

आणि साखर किती देता तेही मोजा. १२ किलोच्या मुलीला ७० च्या खाली गेल्यावर साधारण ४ ग्रॅम साखर पुरते, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, थोड्या पाण्यात, आणि १५ मिनिटांनी परत बघायचं. घाबरून आपण अर्धा ग्लास पाण्यात चार चमचे ढवळतो, सकाळी २८० येते आणि मग वाटतं इन्सुलिन कमी पडलं.

तर आता काय करायचं ते क्रमाने सांगते. आधी तीन-चार रात्री नुसत्या बघायच्या, काही बदलायचं नाही. जेवण लवकर द्या, साडेसात-पावणेआठला, साधं, वरणभात किंवा पोळी-भाजी, त्या दिवसांत वडापाव-पिझ्झा नको कारण तेलकट खाणं शुगर उशिरा चढवतं आणि मग काही कळत नाही. रात्री दहा, बारा, तीन, सहा असे आकडे लिहा, सेन्सरचे चालतील पण ८० च्या खालचा प्रत्येक आकडा टोचून खात्री करा. रॅपिडचा असर तीन-चार तासांत जातो, म्हणजे बारानंतर अंगात काम करतंय ते फक्त ग्लार्जिन. बारा ते सहाच्या मध्ये शुगर ३०-४० पेक्षा जास्त पडत असेल तर बेसलकडे बोट दाखवता येतं. एक अपवाद आहे, जेवणाचं इन्सुलिन रॅपिड नसून साधं रेग्युलर असेल तर त्याची शेपटी सहा-आठ तास राहते आणि मग पहाटेच्या लोचं खापर एकट्या ग्लार्जिनवर फोडता येत नाही, म्हणून बाटलीवरचं नाव एकदा नीट वाचा.

त्याच वहीत संध्याकाळचं खेळणंही लिहा. गार्डनमध्ये तासभर पळापळ झालेल्या रात्री आणि टीव्हीसमोर बसलेल्या रात्री वेगळ्या असतात, खेळाचा परिणाम कित्येक तासांनी, झोपेत दिसतो. जूनमध्ये पाऊस लागला की पोरं घरात अडकतात आणि माझ्याकडे फोन सुरू होतात की डोस तोच आहे मग शुगर का चढली, आणि पाऊस थांबून खाली खेळायला जायला लागले की लो सुरू. त्यामुळे आज जी वेळ-डोस बसेल ती कायमची नाही हे मनात धरूनच चाला.

हे आकडे घेऊन डॉक्टरांना भेटलात आणि त्यांनी सकाळची वेळ मान्य केली की प्रश्न येतो रात्रीवरून सकाळवर जायचं कसं. रात्रीचा डोस पूर्ण देऊन लगेच सकाळी पूर्ण दिला तर दोन डोस एकमेकांवर चढतात. रात्रीचा पूर्ण टाळला तर तुमच्या मुलीला, जिचं संध्याकाळीच संपत आलंय, सकाळपर्यंत बारा-चौदा तास बेसलविना ठेवल्यासारखं होतं आणि टाइप वनमध्ये ते चालत नाही, अंगात कीटोन, म्हणजे इन्सुलिन कमी पडल्यावर चरबी जळून होणारे घातक आम्लपदार्थ, व्हायला लागतात. आमच्याकडे सहसा असं करतात की बदलाच्या रात्री नेहमीच्या वेळेला अर्धा डोस आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ठरलेला पूर्ण. तुमच्या बाबतीत रात्री दीड युनिट आणि सकाळी ३ किंवा डॉक्टर म्हणतील तर अडीच. त्या पहिल्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत दोन्हीचा असर अंगात असतो म्हणून दर दोन तासांनी बघायचं. दुसरी पद्धत म्हणजे रोज तास-दोन तास वेळ सरकवत न्यायची, ती सुरक्षित आहे पण त्यात मध्येच रात्री बारा-दोन-चारचे डोस येतात आणि नोकरी करणाऱ्या आईबापाला ते झेपत नाही, माझ्या अनुभवात तिथेच चुका होतात.

इथे दीड-अडीच म्हणतेय म्हणजे तुमच्याकडे अर्ध्या युनिटचा पेन हवा किंवा अर्ध्या युनिटच्या खुणा असलेली बारीक सिरिंज हवी. ३ युनिटमधला अर्धा युनिट म्हणजे सहावा हिस्सा, ही किरकोळ गोष्ट नाही. आणि सिरिंज वापरत असाल तर टोपीचा रंग बघा, केशरी टोपी १०० वाली (एका मिलीत १०० युनिट), लाल टोपी ४० वाली. बाटलीतलं ग्लार्जिन सहसा १०० चं असतं, ते चुकून लाल टोपीच्या सिरिंजमध्ये ३ च्या रेषेपर्यंत भरलंत तर अंगात साडेसात युनिट जातं. केमिस्ट घाईत कुठलीही हातात देतो, दुकानातच बघून घ्या.

आता थोडं सुईबद्दल, कारण वेळ बदलूनही फरक पडला नाही असं म्हणणाऱ्या अर्ध्याअधिक घरांत मला घोळ इथे सापडलाय. ३ युनिट म्हणजे ०.०३ मिली. एक पूर्ण थेंबसुद्धा नाही. मुलगी हलली, सुई लवकर काढली आणि त्वचेवर बारीकसा ओला ठिपका दिसला तर त्यात एखादा युनिट सहज गेला असू शकतो. म्हणून टोचायच्या आधी पेनमधून २ युनिट हवेत सोडून सुईच्या टोकाला थेंब येतोय का बघायचं, ४ मिमीची सुई, मांडीची किंवा कुल्ल्याची चिमूट धरून, बटण पूर्ण दाबून मोठ्याने एक ते दहा मोजायचं आणि मगच काढायचं. काही मुलं स्वतःच आकडे म्हणायला लागतात, मला ते बघायला फार आवडतं. आणि मालिश करताना तेलाच्या हाताने तिच्या दोन्ही मांड्या चाचपून बघा, एकाच जागी टोचलेलं असेल तर त्वचेखाली मऊ रबरासारखी गाठ लागते. तिथे टोचलेलं इन्सुलिन कधी लागू पडतं कधी नाही. ती जागा काही महिने सोडून द्यायची.

मालिशवरून आठवलं, सकाळची वेळ घेतलीत तर आपल्या घरांत एक अडचण येते, सातला इंजेक्शन आणि साडेसातला आजी तेल लावून कढत पाण्याने आंघोळ घालते. उष्णतेने आणि चोळण्याने इन्सुलिन लवकर शोषलं जाऊ शकतं. आंघोळ आधी उरका, नाहीतर त्या दिवशीची टोचलेली मांडी चोळायची नाही असं आजीला सांगून ठेवा.

सासूबाईंचा मुद्दा मी मुद्दाम वेगळा घेतेय कारण तो जवळजवळ प्रत्येक घरात निघतो आणि त्यामागे प्रेमच असतं. उपाशी पोटी इन्सुलिन नको हे जेवणाच्या रॅपिडला शंभर टक्के लागू आहे. बेसलला नाही. आपण काही खाल्लं नाही तरी लिव्हर रात्रंदिवस थोडी थोडी साखर रक्तात सोडत असतं, बेसल त्या साखरेसाठी आहे, ताटातल्या नाही. त्यामुळे डोस बरोबर असेल तर सकाळी ती झोपेत असताना, दूध-नाश्त्याच्या आधी, ग्लार्जिन देता येतं. तुम्हाला सातच्या सुमाराची ठाणे लोकल पकडायची असते म्हणता ना, मग साडेसहाला स्वतःच्या हाताने देऊन निघा, नाश्त्याचं रॅपिड नंतर घरातलं माणूस देईल. याच कारणासाठी उलट्या-जुलाब, ताप असताना, ती काहीच खात नसतानासुद्धा बेसल बंद करायचं नसतं, कमी करायचं का ते डॉक्टरांना विचारायचं आणि कीटोन तपासायचे. फक्त झोपेत टोचण्याबद्दल एक सांगते, काही मुलं ढिम्म हलत नाहीत, पण काही त्यामुळे झोपायलाच घाबरायला लागतात. तुमची दुसऱ्या गटातली निघाली तर उठवून, सांगून द्या, दहा मिनिटं इकडेतिकडे झाली तरी चालतील.

वेळ किती काटेकोर पाळायची हाही तुमचा प्रश्न होता. ग्लार्जिन रोज एका तासाच्या आत बसलं तर उत्तम. दोन-तीन तास उशीर झाला तर आम्ही सहसा पूर्ण डोस द्यायला आणि दुसऱ्या दिवशी हळूहळू मूळ वेळेवर यायला सांगतो, त्याहून उशीर झाला तर फोन करायचा. पण दिलं की नाही हेच आठवत नसेल तर परत द्यायचं नाही, आधी फोन. कळव्याच्या एका घरात वडिलांनी रात्री दिलं आणि वीस मिनिटांनी आजीनेही दिलं, दोघांना वाटलं दुसरा विसरला. त्या लेकराची रात्र हॉस्पिटलमध्ये ग्लुकोजच्या सलाईनवर गेली, नीट झालं पण आजी पुढे कित्येक दिवस पेनला हात लावत नव्हती. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर त्या तारखेच्या चौकोनात टिकची खूण करायची, देणाऱ्यानेच, दिल्याबरोबर. आणि ग्लार्जिन आणि रॅपिडचे पेन एका डब्यात ठेवू नका, ग्लार्जिनच्या पेनला रबरबँड लावा म्हणजे अंधारातही हाताला कळेल.

आता हे सगळं कधी लागू नाही ते. सकाळच्या डोसवर काही मुलांची शुगर पहाटे पाचपासून चढायला लागते, म्हणजे त्यांचं इन्सुलिन पुढच्या डोसपर्यंत पुरत नाही, तिथे डॉक्टर ग्लार्जिनचे दोन भाग करतात, सकाळी मोठा आणि रात्री छोटा. दोन वेळा टोचणं वाढतं पण मी त्याला नावं ठेवणार नाही, काही मुलं त्यावरच स्थिर झालीत. ग्लार्जिनऐवजी डेटेमिर हे दुसरं लाँग अ‍ॅक्टिंग असेल तर या वयात बहुतेक वेळा दोनदाच लागतं. डेग्लुडेक हे आणखी एक लाँग अ‍ॅक्टिंग, वयाच्या एक वर्षानंतर देतात, ते ४२ तासांपेक्षा जास्त टिकतं त्यामुळे वेळेचा ताण कमी होतो, पण लहान मुलांना तेही रोज ठरलेल्या वेळेलाच द्यायचं. पण त्याचा डोस बदलला की खरा परिणाम दिसायला तीन-चार दिवस लागतात, आणि पोरगी उलट्या करत असताना जास्त झालेला डोस पटकन अंगातून जात नाही, म्हणून सारखी आजारी पडणारी, खाण्याचा नेम नसलेली मुलं असतील तर मी आधी विचार करते. आणि दुधाळ दिसणारं एनपीएच हे जुन्या प्रकारचं इन्सुलिन चालू असेल तर हे वरचं काहीच लावू नका, त्याचा जोर चार ते आठ तासांनी चांगलाच येतो आणि त्याची वेळ जेवणाशी बांधलेली असते.

थोडक्यात तुमच्यापुरतं, आधी लो खरी का ते बघा, चार रात्रींचे आकडे काढा, मांड्या तपासा, मग डॉक्टरांशी सकाळच्या वेळेबद्दल बोला आणि बदलल्यावर निदान तीन दिवस डोसला हात लावू नका.

बदल शनिवारी रात्री सुरू करा म्हणजे रविवारी पहिला पूर्ण सकाळचा डोस पडेल तेव्हा दोघं घरी असाल. सोमवारी पाळणाघरात सोडताना तिथल्या ताईंना स्पष्ट सांगा की आता अकरा ते दोन या वेळात जास्त लक्ष हवंय, आधी तसं नव्हतं, दुपारच्या झोपेआधी एकदा शुगर बघायची आणि १०० च्या खाली असेल तर तुम्हाला फोन करून मगच झोपवायचं. साखरेची छोटी डबी आणि चमचा तिच्या दप्तराच्या पुढच्या कप्प्यात ठेवा, डब्याखाली नको. चार रात्रींचे आकडे झाले की इथेच लिहा, बाराचा आणि तीनचा आकडा नक्की लिहा, मी बघते.